बारा वर्षांच्या आत नाही

आर्वीहून मी निघाले त्या दिवशी बाबा अमरावतीपर्यंत सोबत आले होते. पुण्याची ट्रॅव्हल्स तिथून दुपारी चारला सुटायची. सुजाता, तू तेव्हा दहावीत होतीस आणि घरीच थांबली होतीस, म्हणून हे तुला माहीत नाही. आईनं पाच किलो तुरीची डाळ बांधून दिली होती. पुण्यात चांगली डाळ मिळत नाही असा तिचा ठाम समज होता. बाबांनी पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्यांनी माझी बॅग वर चढवली, खाली उतरले, पुन्हा वर आले आणि खिडकीची जागा कोणी मागितली तरी सोडायची नाही असं बजावून गेले. गाडी हलली तेव्हा खिडकीला धरून चार पावलं चालत म्हणाले, "कोनी आडनाव विचारलं तं सांगजो. पन मान खाली घालून नको सांगू."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीवर आमच्यासारख्या कितीतरी पोरापोरींना नोकऱ्या लागल्या. मी टेस्टिंगमध्ये चिकटले. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. पुढं मिलिंद भेटला. अकोल्याचा, भोसरीच्या कारखान्यात सुपरवायझर, कमी बोलणारा. लग्न झालं, धायरीत आम्ही फ्लॅट घेतला. तेव्हा आमच्या बाल्कनीतून ज्वारीचं शेत दिसायचं. मग संघमित्रा झाली. आपण सगळे तिला मित्राच म्हणतो.

तू मागच्या महिन्यात फोनवर विचारलंस की तुझ्या शाळेतली एक मुलगी यूट्यूबवर बघून पायाच्या अंगठ्यांवर उभी राहते, तिला बॅले शिकायचं आहे, कुठं पाठवावं. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगता आलं नसतं. कारण ते सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागतं, आणि ते मी आजवर तुला अर्धंच सांगितलंय.

मित्रा सात वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका मुलीनं बॅले केला. दोन मिनिटांचा असेल. घरी आल्यापासून मित्रा फ्रीजचं हँडल धरून टाचा उचलायची. मी आधी तिला जवळच्याच एका शास्त्रीय नृत्याच्या वर्गात घेऊन गेले. बाईंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठं राहता तेही विचारलं. मी मान वर ठेवून सगळं सांगितलं. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आपली बॅच फुल झाली आहे हो." माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईंना फॉर्म मिळाला. ही गोष्ट मी मिलिंदलासुद्धा बऱ्याच दिवसांनी सांगितली.

मग कोणीतरी कॅम्पातल्या परेरा मिसचं नाव सांगितलं. एका जुन्या शाळेचा लाकडी जमिनीचा हॉल, भिंतीला लावलेला लांब दांडा, त्याला बार म्हणतात, आणि कोपऱ्यात पियानोऐवजी एक टेपरेकॉर्डर. परेरा मिस साठीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, पाठ अशी की खुर्ची लाजेल. त्यांनी मित्राचं वय विचारलं. कधी हाड मोडलंय का विचारलं. तिला अनवाणी उभं करून पावलं दाबून बघितली. आडनाव त्यांनी फॉर्मवरच वाचलं असेल. मला म्हणाल्या, "शनिवारी नऊला. सव्वानऊला आलात तर बाहेर बसायचं."

दर शनिवारी आम्ही धायरीहून बस धरायचो, स्वारगेटला उतरून दुसरी बस, मग चालत. सोसायटीतले कर्वेकाका आम्हाला डबा आणि पिशवी घेऊन निघताना बघायचे. एकदा म्हणाले, "काय हो, भरतनाट्यमवाल्यांनी हाकललं का?" त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पुणेरी खवचटपणा, बाकी काही नाही. पण मला तो दिवसभर टोचत राहिला.

कॅम्पातल्या त्या हॉलमध्ये मात्र मला बरं वाटायचं. तिथं कोणाचीच आजी बॅले नाचलेली नव्हती. पारशी, गुजराती, मराठी, एक कोरियन मुलगी, सगळ्या सारख्याच नवख्या. कोणाच्या रक्तात काही होतं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. जे होतं ते तिथंच घाम गाळून मिळवायचं होतं. मला ते फार आवडलं होतं.

तीन वर्षं मिसनी मुलींकडून तेच ते करून घेतलं. गुडघे वाकवा, सरळ करा. पाऊल पुढं सरकवा, मागं घ्या. हलके कापडी बूट. मित्राच्या वर्गातल्या मुलींना एकच ओढ होती, ती पॉइंट शूजची. पुढच्या टोकाला कडक केलेले, साटीनच्या फितींचे ते बूट घातले की मुलगी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहू शकते. मिसचा नियम दारावरच लिहिलेला होता. बारा वर्षांच्या आत पॉइंट शूज नाहीत, आणि बारानंतरही पाऊल आणि पोटऱ्या बघून मिस सांगतील तेव्हाच.

मित्रा दहा वर्षांची झाली तेव्हा बाणेरला एक नवा स्टुडिओ निघाला. आमच्या ऑफिसातल्या तिघींच्या मुली तिकडं जायला लागल्या. काचेच्या भिंती, एसी, रिसेप्शनला कॉफी. चालवणारा तरुण होता, परदेशात काही महिन्यांचा कोर्स करून आलेला. सगळे त्याला सर म्हणायचे. तिथं तीन महिन्यांत पॉइंट शूज मिळायचे. वर सिंगापूरच्या एका स्पर्धेसाठी मुलींची निवड होणार होती. कँटीनमध्ये एकीनं सहज विचारलं, "तुझी अजून बेसिकच करतेय?" त्या दिवशी माझ्या हातून एक साधी चूक शोधायची राहून गेली आणि ती थेट क्लायंटला सापडली.

शनिवारी मी मिसना गाठलं. म्हटलं, मित्राला आता पॉइंट द्या. ती तयार आहे, बाकीच्या मुलींपेक्षा चांगली करते, तुम्हीच म्हणाला होतात.

"चांगली करते. दहा वर्षांची आहे," मिस म्हणाल्या.

"दुसरीकडं देतात."

"दुसरीकडं पुष्कळ काही देतात, मिसेस तायडे."

मग मी ते वाक्य बोलले. सगळ्या पालकांसमोर, मित्रासमोर. "मिस, आम्हाला थांबा म्हणणारे आजवर खूप भेटलेत."

मिसनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं मी काय म्हणतेय ते. परेरा आडनाव घेऊन पुण्यात जन्म काढलेल्या बाईला ते कळणार नाही असं कसं होईल. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिला थांबवत नाही. तिच्या हाडांना वाढू देतेय." आणि टेप लावली.

पुढच्या शनिवारी आम्ही बाणेरला होतो.

मिलिंदला ते पटलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं नाचातलं. तो म्हणाला, "नाचातलं नाही कळत. पोरीचा चेहरा कळतो." मी ऐकलं नाही. मित्राला गुलाबी बूट मिळाले. पहिल्या दिवशी ते छातीशी धरून ती झोपली आणि मी तो फोटो आर्वीला पाठवला. तुला आठवत असेल. आईनं तो शेजारणींना दाखवला होता.

त्या स्टुडिओची जमीन चकचकीत होती. वरून रबरी थर, खाली सिमेंट. परेरा मिसच्या हॉलमधली लाकडी जमीन उडी मारली की किंचित दबायची, मुलींच्या पायांखाली तिचा आवाज यायचा. इथं आवाज येत नव्हता. मला वाटलं, हीच सुधारणा. खरंच वाटलं. चुका शोधणं हे ज्या बाईचं पोटापाण्याचं काम, तिला एवढं दिसलं नाही.

पहिल्यांदा मोज्याला रक्त लागलं तेव्हा मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅम, पेन तो पार्ट ऑफ इट है." ऑफिसातल्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या, त्यांच्या मुलींचंही तसंच होतं. मी बँडेजची पाकिटं आणून ठेवली. आठवड्यातून दोन दिवसांचे चार दिवस झाले. सिंगापूरला व्हिडिओ पाठवायचा होता, निवड त्यावरून होणार होती. मित्रा बोलायची कमी झाली. मी म्हटलं, वय वाढतंय.

एका सकाळी शाळेच्या रिक्षासाठी ती खाली निघाली. मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर ती जिना उलटा उतरत होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी, एक एक पायरी, म्हातारी माणसं उतरतात तशी. मला बघितल्यावर झटकन वळली आणि सरळ उतरायला लागली.

"मित्रा, काय झालं?"

"काही नाही आई. गंमत."

मी त्या दिवशी रजा टाकायला हवी होती. पण आमचं रिलीज होतं, म्हणजे प्रोग्राम क्लायंटला द्यायचा दिवस. मी कॅब पकडून हिंजवडीला ऑफिसात गेले.

व्हिडिओ रविवारी सकाळी काढायचा होता. पालकांनी काचेच्या बाहेर बसायचं होतं. आत सहा मुली, कॅमेरा, सर. मित्राची पाळी तिसरी. काचेतून संगीत ऐकू येत नव्हतं, त्यामुळं मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. ती बोटांवर चढली. ती हसत होती, सांगितलं होतं तसं. पण तिच्या ओठांभोवतीची कातडी पांढरी पडली होती. सरांनी मान हलवून पुन्हा करायला लावलं. ती पुन्हा चढली. तिसऱ्यांदा लावलं. मिलिंद माझ्याशेजारी उठून उभा राहिला. मी त्याला हात धरून खाली बसवलं, हे मला लिहायलाच हवं. मी त्याला बसवलं. चौथ्यांदा ती खाली आली आणि डावा पाय तिनं टेकवलाच नाही. बगळ्यासारखी उभी राहिली, एका पायावर, तेच हसू तोंडावर ठेवून, आणि काचेतून माझ्याकडं बघायला लागली.

मी दार ढकललं. सर म्हणाले, "मॅम, पॅरेंट्स अंदर नहीं." मिलिंदनं त्यांना बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं खांद्याला धरून सरकवलं, आणि मित्राला उचलून घेतलं. दहा वर्षांची, लांबच लांब पायांची मुलगी. तिनं त्याच्या शर्टात तोंड खुपसलं आणि तेव्हा कुठं रडली.

पंजातल्या एका लांब हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि आम्हाला दाखवला. म्हणाले, हे एका दिवसात होत नाही, कितीतरी आठवडे ती यावर नाचतेय. हाड जुळेल. पण बोटाजवळ जिथून हाड वाढतं, तिथंही सूज आहे, तिथली वाढ नीट होते का ते आत्ता सांगता येणार नाही, बघत राहावं लागेल. मग ते मित्राकडं वळले. "बाळ, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

मित्रानं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांनाच म्हणाली, "आई मिसशी भांडली होती ना माझ्यासाठी."

सुजाता, आर्वी सोडून आल्यापासून मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं आहे. त्यातलं काहीही या वाक्याइतकं लागलं नाही.

बाबांना मी पाय मुरगळला एवढंच कळवलं. पण त्यांनी मिलिंदला फोन करून सगळं काढून घेतलं. मग मला केला. मी आधी बरंच बोलले, तो क्लास, ती बाई, फॉर्म, फुल झालेली बॅच, आपल्या मुलींनी का मागं राहायचं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरीचा पाय हाय तो, बेटा. आपला झेंडा नाही." आणि मला रडायला वेळ मिळावा म्हणून फोन आईकडं दिला. आईनं नुसतं विचारलं, डाळ संपली का.

पायाला प्लास्टर लागलं. सहा आठवडे. नंतर दर महिन्याला एक्स-रे. दर वेळी डॉक्टर तो उजेडावर धरायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. तीन वेळा ते म्हणाले, अजून सांगता येत नाही. चौथ्या वेळी म्हणाले, वाढतंय. बाहेर येऊन मी आणि मिलिंद दवाखान्याच्या पायरीवर बसलो, चहाच्या टपरीवाल्यानं न मागता दोन कटिंग आणून दिले. बहुतेक तिथं बसणारी माणसं त्याला रोज दिसत असावीत.

पण हे पुढचं झालं. प्लास्टर निघाल्यावर मित्रा म्हणाली, तिला मिसकडं जायचंय. मी आधी एकटी गेले. वर्ग सुटेपर्यंत जिन्यात उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. मिस कुलूप लावत होत्या. पायाची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली असावी. माझं पहिलं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही.

"एक्स-रे आणलाय?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. माझ्याकडं पाठ होती. म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत खुर्चीत बसून नुसत्या हातांच्या हालचाली करेल. कंटाळेल. चालेल?"

"चालेल."

"तुम्हाला विचारत नाही. तिला विचारा."

मित्रा चार महिने खुर्चीत बसून हात शिकली. बाकीच्या मुली बारला, ही खुर्चीत. मी बाकावर बसून तिच्याकडं बघत राहायचे, कुठं दुखतंय का, चेहरा पांढरा पडतोय का. एका शनिवारी मिस माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही दीड तास तिच्याकडं अशा बघता. तिला श्वास घेता येत नाही. साडेदहाला मोठ्यांची बॅच असते. आता उठा, बाहेर थांबा, आणि तेव्हा येऊन बारला उभ्या राहा." मी म्हटलं, मिस, मी चाळिशीला आले. मिस म्हणाल्या, "मग आणखी उशीर कशाला करता?"

अशी मी बॅले शिकायला लागले. हसू नकोस. आमच्या बॅचमध्ये एक बँकेतल्या बाई होत्या, एक दाताचे डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिका. कोणालाच कुठं पोहोचायचं नव्हतं. गुडघे वाकवताना माझे सांधे कडकड वाजायचे. मला तीन महिने लागले टाच न उचलता नीट वाकायला, तेव्हा कळलं की मित्रा तीन वर्षं त्या दांड्याशी काय करत होती. ती थांबलेली नव्हती. मलाच ते थांबणं दिसलं होतं.

मित्राला पॉइंट शूज तेराव्या वर्षी मिळाले. मिसनी तिच्या पोटऱ्या दाबल्या, एका पायावर उभं करून आकडे मोजले आणि म्हणाल्या, "हं." तिनं परीक्षा दिल्या, बाहेरून परीक्षक यायचे, मार्क बरे पडायचे, फार वरचे कधी नाही. सोळाव्या वर्षी तिनं परदेशातल्या एका शाळेसाठी मुंबईला जाऊन ऑडिशन दिली. नकार आला. कारण लिहिलं नव्हतं. डाव्या पायामुळं का, ते मी मिसना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाय चांगला जुळलाय. नाही म्हणायला त्या लोकांकडं शंभर कारणं असतात." त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. तरी मला अजून माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. मित्रा त्या दिवशी जेवली, झोपली आणि शनिवारी नऊला हॉलमध्ये हजर होती. आता ती नोकरी करते आणि आठवड्यातून दोनदा नाचते. कोणासाठी नाही.

तर तुझ्या त्या विद्यार्थिनीचं. वर्धा, नागपूर, जिथं वर्ग मिळेल तिथं आधी जमीन बघ. लाकडी आहे का, पाय आपटला की दबते का. शिकवणाऱ्या बाईंना विचार, पॉइंट शूज कधी देता. "लगेच" म्हणाल्या तर परत फिर. "बघू" म्हणाल्या तर बस. मुलगी आवडीनं नाचतेय एवढं आधी पुरेसं आहे, बाकीचं नंतर आलं तर येईल. आणि तिच्या आईशी बोल. तिला विचार, हे कोणाला दाखवायचं आहे का. रागावेल, तरी विचार.

घराबद्दल तू नेहमी विचारतेस, की आता तुझं घर कुठलं. बाबा गेले, आई तुझ्याकडं असते, आर्वीला आलं की मी पाहुणीसारखी चपला नीट काढून ठेवते. पुण्यात कितीतरी वर्षं मी धायरीच्या जागेला "फ्लॅट" म्हणायचे. फ्लॅटवर जाते, फ्लॅट झाडायचा आहे. घर म्हणजे आर्वी. पण खरं सांगू, त्या वर्षी मित्राला जिना उलटा उतरावा लागला, तेव्हा ते घर नव्हतंच. चार भिंती होत्या, त्यात एक पोर दुखणं लपवून राहत होती.

पाय बरा झाल्यावर वर्षभरानं असेल, एक शनिवार होता. मी सकाळी पोहे करत होते. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मित्रा स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, आज पाय दुखतोय. मी नाही जाणार."

माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले. मी ते गिळले आणि म्हटलं, "बरं. बस मग, पोहे होतायत."

ती तिथंच फरशीवर बसली, डावा पाय लांब पसरून. त्या दिवसापासून मी फ्लॅट म्हणणं सोडलं.